तांब्याचे रिव्हेट आणि जीन्सची किंमत : लीवाय स्ट्रॉस यांची जीवनकथा

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात भरलेल्या जुन्या कपड्यांच्या एका मेळाव्यात एक विजार लिलावात निघाली. कधीकाळी बंद पडलेल्या एका खाणीत ती सापडली होती. निळा रंग विटलेला, कापडावर मेणबत्तीच्या मेणाचे डाग, कंबरेला पट्ट्याच्या लुप्यांऐवजी गॅलिसची बटणे आणि पाठीमागे एकच खिसा. १८८०च्या दशकात शिवलेल्या या विजारीवर ७६,००० डॉलरची बोली लागली. लिलावाचे अधिमूल्य धरून खरेदीदारांना ती ८७,४०० डॉलरना पडली. ज्या खाणकामगाराने ती मेणबत्तीच्या उजेडात झिजवली, त्याने मात्र ती केवळ काम निभावावे म्हणून घेतली होती. ती स्वस्त होती आणि लवकर फाटत नव्हती, एवढेच तिचे मोल.

आज कोणत्याही मोठ्या शहरातील दुकानात ४० डॉलरची जीन्स आणि ३०० डॉलरची जीन्स एकाच छताखाली टांगलेल्या दिसतात. महाग जीन्स खरोखर अधिक चांगली शिवलेली असते की अधिकचे पैसे केवळ नावाचे असतात, हा प्रश्न घेणाऱ्याच्या मनात येतोच. हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याचे मूळ त्या खाणीतल्या विजारीपर्यंत जाते. ती विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या आयुष्यात कापड, शिवण, नाव आणि किंमत या चार गोष्टी एकमेकींना कशा चिकटल्या आणि पुढे कशा सुटत गेल्या, हे स्पष्ट दिसते. तो व्यापारी म्हणजे लीवाय स्ट्रॉस.

त्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८२९ रोजी बव्हेरियातील बुटेनहाइम या गावी झाला. जन्मनाव लोब. वडील हिर्श स्ट्रॉस हे फेरीवाले होते. पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी कापड आणि किरकोळ वस्तू विकायच्या, हा त्यांचा व्यवसाय. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी रिबेका यांच्याशी विवाह केला. लोब हा या दुसऱ्या विवाहातील मुलगा. हे कुटुंब ज्यू होते, आणि त्या काळच्या बव्हेरियात ज्यू असणे म्हणजे जन्मभर सरकारी वहीतील एक आकडा असणे. १८१३च्या कायद्यानुसार प्रत्येक गावात किती ज्यू कुटुंबे राहू शकतील, याची संख्या ठरलेली होती. त्या यादीत जागा रिकामी झाल्याशिवाय तरुणाला स्वतःचा संसार थाटणेही अवघड जाई. घरातील मोठी मुले एकेक करून अमेरिकेला निघून गेली, त्यामागे दारिद्र्याइतकीच ही वहीही होती.

१८४६ मध्ये हिर्श क्षयाने वारले. पुढच्याच वर्षी रिबेका यांनी अठरा वर्षांच्या लोबला आणि दोन मुलींना घेऊन गाव सोडले. न्यूयॉर्कमध्ये लोबचे थोरले सावत्र भाऊ योनास आणि लुई यांनी कापडाच्या घाऊक व्यापारात पाय रोवले होते. लोब त्यांच्या पेढीत कामाला लागला. थान मोजणे, सुताचा कस बोटांनी ओळखणे, उधारीच्या वह्या सांभाळणे हे त्याचे शिक्षण तेथेच झाले. याच काळात केव्हातरी लोबचा लीवाय झाला. परदेशी लिपिकांच्या जिभेला सोपे जावे म्हणून आपल्या नावाची काटछाट करणे हे स्थलांतरिताचे पहिले काम असते, हे परमुलखात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

जानेवारी १८५३ मध्ये स्ट्रॉस यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि लगोलग ते सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. मार्ग पनामाचा होता : न्यूयॉर्कहून जहाजाने संयोगभूमीपर्यंत, ती जमिनीवरून ओलांडायची, आणि पलीकडे पुन्हा जहाज. मार्चमध्ये ते पोचले तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते.

येथे एक लोकप्रिय दंतकथा आडवी येते. सोन्याच्या शोधात निघालेल्या गर्दीबरोबर तरुण स्ट्रॉस तंबूचे कापड घेऊन आले, तंबूंना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी त्याच कापडाच्या विजारी शिवून खाणकामगारांना विकल्या आणि जीन्सचा जन्म झाला, अशी ती कथा. ती ऐकायला छान आहे, पण खरी नाही. स्ट्रॉस यांच्या कंपनीच्याच इतिहासकारांनी ती खोडून काढली आहे. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत कंपनीचे जुने दफ्तर भस्मसात झाले आणि त्या रिकाम्या जागेत अशा कथा फोफावल्या. या दंतकथेचे खरे नुकसान वेगळेच आहे. तिच्यात व्यापारी आणि कारागीर एकाच माणसात कोंबले जातात. वास्तवात स्ट्रॉस यांनी आयुष्यात कधी विजार शिवली नाही. ते घाऊक व्यापारी होते, आणि ते त्यांनी फार चांगल्या रीतीने केले.

न्यूयॉर्कचे भाऊ माल पाठवीत. स्ट्रॉस तो बंदरात उतरवून घेत आणि कॅलिफोर्निया, नेवाडा व आसपासच्या प्रदेशांतील लहान दुकानदारांना विकत. कापडाचे तागे, घोंगड्या, अंतर्वस्त्रे, रुमाल, तयार कपडे असा तो माल. बहीण फॅनी आणि मेहुणे डेव्हिड स्टर्न त्यांच्याजवळ आले. मेहुणे भागीदार झाले. स्ट्रॉस अविवाहित राहिले आणि बहिणीच्या कुटुंबातच त्यांनी आयुष्य काढले. १८६३ मध्ये पेढीला ‘लीवाय स्ट्रॉस अँड कंपनी’ हे नाव मिळाले, १८६६ मध्ये ती बॅटरी रस्त्यावरील प्रशस्त इमारतीत गेली. पूर्वेकडून निघालेला माल पश्चिमेला पोचायला आठवडे लागत. जहाज बुडाले की नुकसान आणि उशीर झाला की हंगाम हातचा जाई. अशा व्यापारात दुकानदार ज्याच्यावर विश्वास ठेवतो तोच टिकतो. चाळिशी ओलांडलेल्या स्ट्रॉस यांच्यापाशी १८७२ साली जी खरी पुंजी होती, ती ही पत होय.

त्यांच्या नावाला चिकटलेली विजार मात्र दुसऱ्याच माणसाच्या हातून निघाली. जेकब डेव्हिस यांचा जन्म १८३१ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील रिगा शहरात झाला. मूळ नाव जेकब युफेस. तेही ज्यू, तेही स्थलांतरित, त्यांनीही नाव बदललेले. पण नशीब अगदी वेगळे. गावोगाव फिरून, निरनिराळे उद्योग करून आणि एकदोन शोधांत पैसे घालवून अखेर ते नेवाडातील रीनो या नव्या रेल्वेगावात शिंपी म्हणून स्थिरावले. घोड्यांच्या झुली, गाड्यांवरची आच्छादने आणि तंबू ते शिवत. त्यासाठीचे जाड कापड लीवाय स्ट्रॉस कंपनीकडून मागवीत. तंबूच्या दंतकथेत सत्याचा काही अंश असलाच तर तो रीनोतील या दुकानात सापडतो.

१८७०च्या डिसेंबराच्या सुमारास एक स्त्री त्यांच्याकडे आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता. देहाने अवाढव्य आणि त्यात आजारी, त्यामुळे तो दुकानात येऊ शकत नव्हता. माप दोरीने घेऊन आणावे लागले. त्याच्या विजारी टिकत नाहीत, यावेळी भक्कम शिवा, एवढीच तिची मागणी. ३ डॉलर तिने आगाऊ दिले. डेव्हिस यांनी डक नावाच्या जाड सुती कापडाची विजार शिवली. शिवून झाल्यावर त्यांची नजर मेजावर पडलेल्या तांब्याच्या रिव्हेटांवर गेली. झुलींना चामडी पट्टे ठोकण्यासाठी ती वापरली जात. विजार आधी कुठे फाटते, हे शिंप्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कापडाचा मधला भाग झिजतो, पण फाटायला सुरुवात होते ती खिशाच्या कोपऱ्यात. हात, अवजारे, खिळे, दगडाचे नमुने सतत आतबाहेर होतात; सगळा ताण शेवटच्या दोनतीन टाक्यांवर येतो; ते तुटले की शिवण उसवत जाते. डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर रिव्हेटे ठोकून दिली. त्यांच्या लेखी ती फार मोठी गोष्ट नव्हती.

पण ती विजार बोलू लागली. रेल्वेचे मोजणीदार, गाडीवान, मजूर दुकानात येऊन तशीच विजार मागू लागले. अठरा महिन्यांत सुमारे २०० विजारी गेल्या, तीही जाहिरातीवाचून. आता आजूबाजूचे शिंपी नक्कल करणार हे डेव्हिस यांनी ओळखले. एकाधिकार घ्यायला पैसे नव्हते, इंग्रजी लेखनही कच्चे. जुलै १८७२ मध्ये त्यांनी आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिले आणि सोबत नमुन्याच्या दोन विजारी पाठवल्या. पेटंटचा सुमारे ६८ डॉलरचा खर्च कंपनीने करावा, बदल्यात हक्कात निम्मा वाटा घ्यावा, असा तो प्रस्ताव होता. त्या पत्रातील एक तपशील आजच्या वाचकाला थांबवून ठेवील असा आहे. डक कापडाच्या विजारीला डेव्हिस ३ डॉलर घेत आणि निळ्या डेनिमच्या विजारीला अडीच. निळी विजार ही दोहोंतील स्वस्त वस्तू होती.

स्ट्रॉस यांनी फारसा विलंब न लावता होकार दिला. येथे त्यांची व्यापारी दृष्टी दिसते. महिन्याला चारसहा तागे घेणारा एक दूरचा शिंपी, त्याचे अशुद्ध पत्र आणि खिशाला ठोकलेले तांबे, यांत मोठा धंदा आहे हे ओळखणे सोपे नव्हते. पेटंट कचेरीला तर ते पटेचना. रिव्हेटांनी शिवण मजबूत करण्याची युक्ती बुटांत आधीपासून वापरात आहे, मग यात नवे काय, असा आक्षेप घेऊन अर्ज फेटाळला गेला. दुरुस्त्या करकरून तो पुन्हा पुन्हा पाठवावा लागला. अखेर २० मे १८७३ रोजी क्रमांक १,३९,४६१ चे पेटंट मिळाले. शोधाचा विषय जीन्स नव्हे, निळा रंग नव्हे, काप नव्हे. खिशाचे तोंड पक्के करण्यातील सुधारणा, एवढाच त्या कागदाचा विषय होता. पुढे जगभर पसरलेल्या उद्योगाचा पाया एका शिवणीच्या टोकावर घातला गेला.

डेव्हिस सहकुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि उत्पादनाची देखरेख त्यांच्याकडे आली. सुरुवातीला कापड बेतून शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांकडे घरोघरी पाठवले जाई. मागणी वाढली तसा कारखाना उभा राहिला. डेनिम येत असे ते न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथील अमोस्केग गिरणीतून. मेरिमॅक नदीकाठची ही प्रचंड गिरणी डेनिमसाठी नावाजलेली होती. या कापडाचे मर्म त्याच्या विणीत आहे. ताण्याचे धागे निळीत रंगवलेले, बाण्याचे पांढरे, आणि वीण तिरपी, जेणेकरून निळा ताणा दर्शनी बाजूला अधिक दिसतो. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, वरवर बसते. म्हणून डेनिम जसजसे झिजते तसतसे आतले पांढरे सूत उघडे पडते. आज ज्या फिकट रंगासाठी जादा पैसे मोजले जातात तो मुळात वापराचा हिशेब होता.

अशा विजारींना तेव्हा जीन्स म्हणतच नसत. ते नाव विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळले. दुकानात त्या ओव्हरॉल म्हणून विकल्या जात. इंग्रजीत कामकऱ्यांच्या निळ्या विजारीला आणखी एक जुना शब्द आहे, डंगरीज. तो मुंबईच्या डोंगरीतून गेलेला आहे. त्या भागाशी जोडल्या गेलेल्या जाड, स्वस्त सुती कापडाला इंग्रज व्यापारी डंगरी म्हणू लागले आणि खलाशांच्या विजारींबरोबर तो शब्द समुद्रापार गेला. डेनिम हे नाव फ्रान्सच्या नीम शहरावरून, जीन हे इटलीच्या जिनोआवरून, आणि डंगरी डोंगरीवरून. तिन्ही नावांत श्रीमंतीची छटा कुठेही नाही.

पेटंटचा हक्क सतरा वर्षांचा होता. त्या काळात नक्कल करणाऱ्यांशी कंपनी कोर्टात झगडली. १८७४च्या अशाच एका खटल्यात डेव्हिस यांनी साक्ष दिली, म्हणूनच लाकूडतोड्याच्या पत्नीची हकीकत आज उपलब्ध आहे. विजारींवर नारिंगी दोऱ्याचे दुहेरी टाके आले, ते तांब्याच्या रंगाशी जुळावेत म्हणून. मागच्या खिशावर कमानीसारखी नक्षी आली. १८८६ मध्ये कंबरेवर चामड्याचा तुकडा लागला. त्यावर दोन घोडे विरुद्ध दिशांना एक विजार ओढत आहेत आणि ती फाटत नाही, असे चित्र. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते अशा गिऱ्हाइकांसाठी हे चित्र फार उपयोगी ठरले. दुकानात जाऊन दोन घोड्यांची विजार मागितली की काम भागे.

१८९० मध्ये पेटंट संपले. आता कोणीही रिव्हेट ठोकू शकत होते, आणि अनेकांनी ठोकली. स्ट्रॉस यांच्या आयुष्यातील हा क्षण क्वचितच कोणी रेंगाळून पाहतो, पण किमतीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच दडलेले आहे. त्यापूर्वी कंपनीच्या विजारीत आणि इतरांच्या विजारीत डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा फरक होता. आता तो राहिला नाही. उरले ते कापड, हात आणि नाव. स्ट्रॉस यांनी तिन्हींची वेगवेगळी किंमत लावली. याच सुमारास विजारींना क्रमांक देण्यात आले. अमोस्केगच्या उत्तम प्रतीच्या डेनिमची विजार ५०१ क्रमांकाची झाली. त्याच घराण्यात, त्याच रिव्हेटांची, पण हलक्या प्रतीच्या डेनिमची आणि चामड्याऐवजी कापडी पट्टी लावलेली स्वस्त विजार २०१ क्रमांकाने निघाली. ज्याला परवडेल त्याने ५०१ घ्यावी, ज्याला नाही त्याने २०१. फरक कशाचा ते स्पष्ट होते : जादा पैसे प्रामुख्याने सुताचे होते. एकाच व्यापाऱ्याने महाग आणि स्वस्त अशा दोन्ही विजारी प्रामाणिकपणे विकण्याचा हा नमुना आजच्या बाजारात विरळाच.

हात कोणाचे, हा प्रश्न मात्र इतका स्वच्छ नव्हता. १८७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मंदी आली, बेकारी वाढली आणि तिचे खापर चिनी मजुरांच्या माथी फुटले. जमाव रस्त्यावर आले, १८८२ मध्ये चिनी स्थलांतरितांना बंदी घालणारा कायदा झाला. शहरातील अनेक उत्पादकांप्रमाणे स्ट्रॉस यांच्या कंपनीनेही आपला माल केवळ गोऱ्या कामगारांनी तयार केला असल्याची ग्वाही जाहिरातीत आणि मालावर छापली. खाणीत सापडलेल्या आणि लिलावात एवढ्या किमतीला गेलेल्या विजारीच्या खिशाच्या आतल्या बाजूला ती ओळ आजही वाचता येते. १८९०च्या दशकात कंपनीने हे धोरण सोडले. पण ज्या मुलाचे बालपण ज्यू कुटुंबांची संख्या मोजणाऱ्या सरकारी वहीच्या छायेत गेले, त्याच्याच नावाच्या मालावर दुसऱ्या स्थलांतरितांना वगळल्याची ग्वाही छापली गेली, हे त्याच्या चरित्रातून गाळता येत नाही. स्ट्रॉस यांना त्याबद्दल काय वाटत होते याची कसलीही नोंद मागे राहिलेली नाही.

ज्या नोंदी उरल्या त्या एका प्रतिष्ठित नागरिकाच्या आहेत. १८७४ मध्ये मेहुणे डेव्हिड स्टर्न वारले. त्यांची चार मुले जेकब, सिग्मंड, लुई आणि अब्राहम हळूहळू व्यवसायात आली. स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापारी मंडळाचे १८७७ मध्ये संस्थापक सदस्य आणि खजिनदार झाले, बँक आणि विमा कंपनीच्या संचालक मंडळांवर बसले. छायाचित्रांत ते नेहमी सुटात दिसतात. आपल्या कारखान्यातील विजार अंगात घालण्याची वेळ त्यांच्यावर बहुधा कधी आली नसावी. कर्मचाऱ्यांनी आपल्याला आडनावाने न पुकारता लीवाय म्हणावे असा त्यांचा आग्रह असे, असे सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात २८ शिष्यवृत्त्या ठेवल्या. पाठीवर गाठोडे वाहणाऱ्या फेरीवाल्याच्या मुलाने विद्यापीठाची फी भरावी, यात न बोलता बरेच काही आले.

२६ सप्टेंबर १९०२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मागे सुमारे ६० लक्ष डॉलरची संपत्ती होती. व्यवसाय चार भाच्यांकडे गेला. देणग्यांच्या यादीत ज्यू अनाथालय आणि वृद्धाश्रम होते, तशीच कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अनाथालयेही होती. पुढे चारच वर्षांनी, एप्रिल १९०६ मध्ये, भूकंप आणि आग यांनी बॅटरी रस्त्यावरील सारा पसारा खाक केला. भाच्यांनी कामगारांचे वेतन चालू ठेवले, होरपळलेल्या दुकानदारांना उधारी दिली आणि व्हॅलेन्सिया रस्त्यावर नवा कारखाना बांधला. इमारत, वह्या, नमुने यांतले काही वाचले नाही. मामाची पत तेवढी वाचली.

त्यानंतरच्या शतकात विजारीचे स्वरूप बदलले त्याहून अधिक तिची किंमत ठरवणारी कारणे बदलली. १९७०च्या दशकात केल्विन क्लाइन, ग्लोरिया व्हँडरबिल्ट अशी नावे मागच्या खिशावर आली आणि खिशाची शिवण किती पक्की यापेक्षा खिशावर कोणाचे नाव, हे महत्त्वाचे ठरले. अर्थात महाग जीन्समध्ये खरा कसही असू शकतो. जपानमधील कोजिमा येथे किंवा नॉर्थ कॅरोलायनातील व्हाइट ओक गिरणीत, जी २०१७च्या अखेरीस बंद पडली, जुन्या धोट्याच्या मागांवर विणलेल्या डेनिमला बांधीव काठ असतो. आपल्याकडच्या लुगड्याच्या काठासारखाच तो सुताने सुताला धरून ठेवतो, आणि हे कापड सावकाश, अरुंद पन्ह्यात विणावे लागत असल्याने महाग पडते. लांब तंतूचा कापूस, घट्ट वीण, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घातलेली दुहेरी शिवण, जाड कापडाचे खिसे, ताणाच्या जागी दाट टाके, यांसाठी खर्च येतोच.

मात्र हा खर्च एका मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढचे आकडे दुकानाच्या भाड्याचे, जाहिरातीचे आणि नावाचे असतात. कित्येकदा तर उलटेच घडते. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून ती दगडांबरोबर धुतली जाते, घासली जाते, मांडीवर मुद्दाम विरवली जाते. अंगाला चिकटावी म्हणून तिच्यात लवचिक धागा मिसळला जातो. या प्रत्येक प्रक्रियेची किंमत गिऱ्हाईक देते आणि प्रत्येकीने कापडाचे आयुष्य कमी होते. वाळूचा झोत मारून डेनिम फिकट करणाऱ्या तुर्कस्तानातील तरुण कामगारांना फुप्फुसांचा सिलिकोसिस झाला, तेव्हा २००९ मध्ये त्या देशाने या पद्धतीवर बंदी घातली. साध्या, गडद, न विरवलेल्या डेनिमची माफक किमतीची विजार अशा महाग विजारीहून अधिक टिकली तर त्यात नवल नाही. डेव्हिस यांनी ती हातात घेतली असती तर नाव न वाचता आधी खिशाचा कोपरा ओढून पाहिला असता.

रीनोच्या त्या दुकानाची आठवण यावी असा एक प्रयोग भारतातही झाला. नव्वदच्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाने डेनिमचे कापड, झिप, बटण, रिव्हेटे असा संच बाजारात आणला. तो घ्यायचा आणि ओळखीच्या शिंप्याकडून मापाने शिवून घ्यायचा. तयार जीन्स ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, अशा गावोगावच्या तरुणांची पहिली जीन्स कोपऱ्यावरच्या शिंप्याने बेतली.

जेकब डेव्हिस स्ट्रॉस यांच्यानंतर सहा वर्षांनी, १९०८ मध्ये वारले. त्यांचा मुलगा सायमन पुढेही याच व्यवसायात राहिला, आणि १९३५ मध्ये त्याने आपला मुलगा बेन याच्यासह सॅन फ्रान्सिस्कोत कामगारांच्या कपड्यांची स्वतःची कंपनी काढली. ‘बेन डेव्हिस’ या नावाच्या विजारी अजून विकल्या जातात. त्यांच्यावर हसऱ्या गोरिलाचे चित्र असते, कापड राठ असते आणि किंमत बेताची.